पोस्टकार्डावरचा पहिला नंबर

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की तासाभरात ‘भंडारा रोड’ येतं. हे स्टेशन भंडाऱ्यात नाही. ते आहे वरठीत, मोहाडी तालुक्यात. भंडारा शहर गाठायला तिथून पुढे दहाएक किलोमीटर सडकेनं जावं लागतं. ज्या गावाच्या जमिनीवर गाडी थांबते, त्याचं नाव तिकिटावर नसतं. पुढच्या ‘तुमसर रोड’चीही तीच गत. इंग्रजांच्या काळापासूनची ही रीत आहे : मोठ्या गावाचं नाव घ्यायचं आणि पुढे ‘रोड’ जोडायचं.

याच देशात एका गावाचं नेमकं उलटं झालं. झारखंडमधल्या त्या गावाचं स्टेशन आहे ‘कोडरमा’, पण गावाचं नाव झुमरी तलैया. रेल्वेच्या तिकिटावर नसलेलं हे नाव पन्नास-साठच्या दशकात देशभर पोचलं, कारण तिथले लोक रेडिओला गाण्यांच्या फर्माइशी पाठवायचे. एवढ्या पाठवायचे, की असं गाव खरोखर आहे की निवेदकांनी बनवलंय, अशी शंका लोकांना यायची. गाव खरं होतं. अभ्रकाच्या खाणींचं, व्यापाऱ्यांचं, मजुरांचं गाव. आमदार-खासदारांनी केलं नसतं इतकं त्याचं नाव पोस्टकार्डांनी केलं.

गाण्यांच्या ‘टॉप’च्या याद्यांचा इतिहास मला या दोन स्टेशनांमधून वाचावासा वाटतो. पहिल्या नंबरावर कुठलं गाणं होतं, हे शोधायला आज दहा सेकंद लागतात. तो नंबर कुणी मोजला आणि मोजताना कुणाला विचारलं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

एकोणीस दिवसांचं अंतर

१४ नोव्हेंबर १९५२. लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकानं ब्रिटनमधली खपावर आधारलेली पहिली यादी छापली. पर्सी डिकिन्स नावाच्या त्यांच्या माणसानं वीसेक दुकानांना फोन लावले, ‘या आठवड्यात काय विकलं गेलं?’ असं विचारलं आणि आकड्यांची बेरीज केली. यादी बारा क्रमांकांची होती. पहिल्या जागेवर अल मार्टिनो या अमेरिकन गायकाचं गाणं होतं. ब्रिटनचा सगळा ‘नंबर वन’चा इतिहास या वीस फोनांपासून सुरू होतो.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. म्हणजे एकोणीस दिवसांनी रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट, सिबा या स्विस कंपनीची. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाण्यांची ‘हिट परेड’ आधीपासून गाजत होती. हिंदी गाण्यांसाठी तसंच काहीतरी करून पाहायचं ठरलं. आठवड्याला पंचवीस रुपयांत कार्यक्रम बांधायचा, बोलायचं आणि आलेली पत्रंही तपासायची, असं ते काम होतं. ज्येष्ठ मंडळींपैकी कुणी तयार होईना, म्हणून ते जेमतेम विशीतल्या अमीन सयानींच्या गळ्यात पडलं.

सुरुवातीला गीतमालेत क्रमवारी नव्हतीच. सात गाणी कुठल्याही क्रमानं लावायची आणि श्रोत्यांना सांगायचं, की लोकप्रियतेनुसार यांची रांग तुम्ही लावून पाठवा. बरोबर उत्तराला शंभर रुपयांचं बक्षीस. चाळीस-पन्नास पत्रं आली तरी पुष्कळ, असं वाटत होतं. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार आली, असं सयानी पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

दोन याद्या, एकोणीस दिवसांच्या अंतरानं. पहिलीत दुकानदाराला विचारलं होतं, दुसरीत ऐकणाऱ्याला. वरठीसारख्या गावाच्या दृष्टीनं हा फरक मोठा होता. रेकॉर्डचं दुकान नागपूरला असणार, आणि ग्रामोफोन असणाऱ्या घरांची संख्या बोटांवर मोजता येणार. विक्रीच्या यादीत अशा गावाचं मत शून्य. पोस्टाची पेटी मात्र गावात होती, आणि हॉटेलात, पानठेल्यावर किंवा एखाद्या शिक्षकाच्या घरी रेडिओ असला की त्याभोवती पन्नास माणसं बसू शकत होती. रेडिओ एकाचा, परवाना एकाचा, पण पोस्टकार्ड प्रत्येकाला लिहिता यायचं.

हे सारं १९५२ सालचं आहे, हेही लक्षात घ्या. प्रत्येक प्रौढाला मताचा अधिकार देणारी पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षाच्या सुरुवातीला पार पडली होती. माणसं नुकतीच मोजली जायला लागली होती. १९५४ साली भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि ते हरले. मोजणीत कोण जिंकतं हे एक, आणि त्या मोजणीत आपलं बोट धरलं गेलं हे दुसरं. त्या पिढीला या दुसऱ्या गोष्टीची किंमत पुरेपूर कळत होती.

तिकडे, अमेरिकेत

‘रॉक अँड रोल’ हे नाव आपण ज्या देशाशी जोडतो, तिथे मोजणी कशी चालायची?

‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या तेव्हा एकाच आठवड्याच्या अनेक याद्या असत. दुकानात सर्वांत जास्त काय विकलं गेलं, रेडिओवाल्यांनी काय वाजवलं, नाणं टाकून वाजवायच्या ज्यूकबॉक्सवर काय चाललं, या तीन वेगळ्या. आणि याखेरीज कृष्णवर्णीयांच्या संगीताची यादी निराळीच. १९४९ पर्यंत तिचं नाव उघडउघड ‘रेस रेकॉर्ड्स’ असं होतं. मग ते बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केलं. नाव सुधारलं, पंगत वेगळीच राहिली.

याचा परिणाम गाण्यांवर कसा झाला, ते दोन उदाहरणांत दिसतं. ‘हाउंड डॉग’ हे गाणं बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेनं १९५२ साली ध्वनिमुद्रित केलं. १९५३ साली ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. तीन वर्षांनी एल्व्हिस प्रेस्लीनं तेच गाणं गायलं आणि ते सगळ्या देशाचं ‘नंबर वन’ झालं. आपल्याला या गाण्याचे पाचशे डॉलर मिळाले, त्यापुढे काही नाही, असं थॉर्नटन सांगत असे. १९५५ साली फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ त्याच्या पंगतीत अकरा आठवडे पहिलं राहिलं. मुख्य यादीत ते दहाव्या जागेपर्यंत पोचलं. त्याच गाण्याची पॅट बून या गोऱ्या गायकाची आवृत्ती मुख्य यादीत पहिली आली.

९ जुलै १९५५ रोजी बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ बिलबोर्डच्या विक्रीच्या यादीत पहिल्या जागी गेलं आणि तिथे आठ आठवडे टिकलं. रॉक अँड रोलच्या युगाची तारीख म्हणून बहुतेक पुस्तकं हाच दिवस देतात. खरं तर हे गाणं वर्षभर आधी बाजारात येऊन मागे पडलं होतं. ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या सिनेमाच्या सुरुवातीला ते वाजलं आणि पोरांनी थिएटरं डोक्यावर घेतली. सिनेमामुळे गाणं चालणं ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही! सगळ्या याद्या एकत्र करून ‘हॉट १००’ बनवायला बिलबोर्डला ऑगस्ट १९५८ उजाडावं लागलं. आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क कायद्यानं पक्का व्हायला १९६५. गाण्यांची यादी आणि मतदारांची यादी या दोन्हींत एकच देश दिसत होता.

मराठी मंत्री आणि सिलोनची लाट

आता आपल्याकडे या. भारतीय गाण्यांची यादी कोलंबोहून का लागत होती?

याचं उत्तर एका मराठी माणसापाशी येऊन थांबतं. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. संस्थानं बुडाली, गवयांचा आश्रय गेला, आता रेडिओनंच त्यांना सांभाळायला हवं, अशी त्यांची धारणा होती. आणि ती चुकीची नव्हती. आकाशवाणीनं त्या काळात शेकडो कलावंतांची चूल पेटती ठेवली. पण सिनेमाची गाणी त्यांना उथळ, पाश्चात्त्य वळणाची आणि रुची बिघडवणारी वाटत. त्यांनी या गाण्यांचा वेळ कापला, चाळण लावली आणि सिनेमाचं नाव सांगणं ही जाहिरात आहे म्हणून ते बंद केलं. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून सुरू होतं. म्हणजे वरठीच्या रेडिओला साठ-सत्तर किलोमीटरवरून स्वच्छ आवाज मिळत होता, पण हवं ते गाणं मिळत नव्हतं. ते मिळत होतं समुद्रापलीकडून. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी सिलोनमध्ये उभारलेला शक्तिशाली ट्रान्समीटर युद्धानंतर तिथल्या सरकारच्या हाती आला होता. त्याच्या शॉर्टवेव्ह लहरी आख्ख्या भारतावर पसरत. आवाज खरखरायचा, मध्येच दूर जायचा, परत यायचा. काटा केसभर सरकला की दुसराच देश लागायचा. तरीही बुधवारी रात्री माणसं कान लावून बसत.

गंमत पाहा. गीतमालेचं ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं. फीत विमानानं कोलंबोला जायची. तिथून गाणं आकाशमार्गे पुन्हा भारतात, वरठीपर्यंत. आणि त्यावरचं पत्र वरठीहून रेल्वेच्या टपालडब्यातून मुंबईला. दिल्लीचा दरवाजा बंद झाला म्हणून गाण्यानं घेतलेला हा वळसा.

त्या काळात वरठीचं राज्यसुद्धा एका जागी नव्हतं. गीतमाला सुरू झाली तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. आठ वर्षांत तीन राज्यं. पत्रावरचा पत्ता बदलत गेला, बुधवार तोच राहिला. याच रुळांवर पुढे छत्तीसगडात भाटापारा लागतं. रेडिओच्या फर्माइशींत झुमरी तलैयाच्या बरोबरीनं घेतलं जाणारं नाव. झुमरी तलैयाचा रूळ वेगळा, पण जात एकच : मुंबईपासून दूर असलेली, स्टेशन आणि पोस्ट असलेली छोटी गावं.

दुकानं की माणसं?

१९५४ पासून गीतमालेची खरी क्रमवारी सुरू झाली, एक नंबर, दोन नंबर अशी. पत्रांचे ढीग उपसणं अशक्य झालं होतं. म्हणून मग लंडनसारखंच रेकॉर्डच्या दुकानांना विचारायला सुरुवात झाली. लगेच अडचणी आल्या. रेकॉर्डचा साठा संपला की विक्री थांबे आणि लोकांच्या तोंडी असलेलं गाणं यादीत खाली घसरे. शिवाय कुणी आपल्याच सिनेमाच्या रेकॉर्डी गठ्ठ्यानं विकत घेतल्या तर? यावर तोडगा म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतंही धरली जाऊ लागली. हे संघ म्हणजे चार-दोन मित्रांनी काढलेला क्लब. एक रेडिओ, एक शिक्का, छापलेलं लेटरहेड आणि दर आठवड्याला जाणारी यादी. ज्याच्या खिशात रेकॉर्डचे पैसे नव्हते, त्याचं मत या वाटेनं पुन्हा यादीत आलं.

ही पद्धत निर्दोष नव्हती. क्लब म्हणजे बहुतेक लिहिता-वाचता येणारी तरुण मुलं. पत्र लिहिणाऱ्या बायका कमी, शेतावरची माणसं त्याहून कमी. पण जगातल्या एका मोठ्या देशात कातडीच्या रंगावरून याद्या वेगळ्या होत असताना आपल्याकडे कोण ऐकतंय, त्याची जात कुठली, गाव किती मोठं, हे त्या शिक्क्यावरून विचारलं जात नव्हतं. एवढं श्रेय त्या टूथपेस्टच्या कार्यक्रमाला द्यायलाच हवं.

१९५७ : आठवण काय सांगते, यादी काय सांगते

‘भारतातलं पहिलं रॉक अँड रोल गाणं कुठलं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : १९५७ च्या ‘आशा’ सिनेमातलं ‘ईना मीना डीका’. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, १९१८ सालचा. तालीम पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि आपल्या नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे. याच सप्र्यांकडे वसंतराव देशपांडेही शिकले. म्हणजे ज्या माणसानं हिंदी सिनेमाला झिंग आणली, त्याचा सूर वरठीपासून दीड तासावर पक्का झाला होता. केसकरांना शास्त्रीय आणि पाश्चात्त्य यांत जी भिंत दिसत होती, ती अण्णांच्या घरात नव्हतीच.

‘ईना मीना डीका’ची गोष्ट अशी सांगतात, की तालमीच्या खोलीबाहेर मुलं इंग्रजी बडबडगीत म्हणत खेळत होती. त्यावरून सुरुवातीचे शब्द सुचले. पुढे जॉन गोम्स या गोव्याच्या वादकानं कोकणीतलं ‘मला नको’ त्यात जोडून दिलं. अर्थाच्या मागे लागणाऱ्यांची फजिती आणि पोरांची चंगळ.

यात अण्णांची ही काही पहिली उडी नव्हती. १९५० च्या ‘समाधी’तल्या ‘गोरे गोरे’ची चाल कार्मेन मिरांडाच्या एका लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून घेतलेली. १९५१ च्या ‘अलबेला’त ‘शोला जो भडके’ला बाँगोंचा ठेका. पडद्यावर गीता बालीसोबत नाचणारा आणि सिनेमा दिग्दर्शित करणारा मास्टर भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. त्याच्या नाचाला फार कसरत लागत नसे, म्हणून वरातीतल्या कुणालाही तो जमायचा. आजही जमतो.

पण या गाण्यांतली ती झिंग नेमकी कुणाची? ‘अलबेला’त तुतारीसारखा ट्रम्पेट फुंकणारा चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो. त्याचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा, ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणवला जाणारा माणूस. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचेच. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना शिकवणारे अँथनी गोन्साल्विसही तिकडचे, माजोर्ड्याचे. चर्चच्या शाळांत ही मंडळी पाश्चात्त्य स्वरलेखन शिकली होती. संगीतकार चाल गुणगुणायचा, हे ती कागदावर उतरवून पन्नास वादकांत वाटून द्यायचे. रेकॉर्डच्या चकतीवर बहुतेकांचं नाव नसे. वरठीच्या स्टेशनासारखंच : गाडी यांच्या जमिनीवर थांबायची, पाटी दुसऱ्याची.

कधीकधी मात्र पत्रांनी पाटी बदलली. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. ही खरी गाते कोण, असं विचारणाऱ्या श्रोत्यांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि लता मंगेशकर हे नाव समोर आलं.

आता यादी पाहू. १९५७ च्या गीतमालेत वर्षाचं पहिलं गाणं ‘ईना मीना डीका’ नव्हतं. ते होतं ‘जनम जनम के फेरे’ या धार्मिक सिनेमातलं, रफी आणि लतानं गायलेलं, एस. एन. त्रिपाठींच्या संगीतातलं. त्याच वर्षी अमेरिकेत वर्षाचं अव्वल गाणं एल्व्हिसचं ‘ऑल शुक अप’ होतं. सी. रामचंद्रांना वर्षाचा पहिला मान १९५३ साली मिळाला होता, पण तो ‘अनारकली’तल्या लताच्या गाण्यासाठी, ट्रम्पेट आणि बाँगोंसाठी नव्हे. आजच्या ‘रेट्रो’ यादीत १९५७ म्हणजे रॉक अँड रोल. तेव्हा मोजलेल्या यादीत १९५७ म्हणजे भक्तीच्या वळणाचं, टाळीवर म्हणता येईल असं गाणं. दोन्ही खरं आहे. एक आपण मागे वळून निवडलेलं, दुसरं तेव्हाच्या दुकानांनी आणि श्रोता संघांनी निवडलेलं. आणि केसकरांनी शांतपणे ही यादी वाचली असती, तर लोकांच्या रुचीची इतकी काळजी करायचं कारण नाही, हे त्यांनाही दिसलं असतं.

त्यांनाही अखेर वाट काढावी लागलीच. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली, आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर सन्मानानं परतली. मंत्री तेच होते. लोकांनी मोर्चा काढला नव्हता. त्यांनी फक्त काटा फिरवून दुसरीकडे लावला होता.

आणि आता

आज तुमच्या फोनवरचं प्रत्येक ऐकणं मोजलं जातं. पोस्टकार्ड लागत नाही, क्लब लागत नाही, शिक्का लागत नाही. वरठीच्या फलाटावर गाडीची वाट पाहत ऐकलेलं अर्धं गाणंही कुठल्या तरी आकड्यात जातं. पर्सी डिकिन्सच्या वीस फोनांपुढे हे अफाट आहे.

पण मोजणीतला जुना प्रश्न गेलेला नाही. २०१८ पासून बिलबोर्डच्या यादीत पैसे भरून ऐकणाऱ्याचं एक ऐकणं फुकट ऐकणाऱ्याच्या एका ऐकण्यापेक्षा जास्त वजनाचं धरलं जातं. म्हणजे दुकानाचं गिऱ्हाईक आणि रेडिओभोवतीची गर्दी यांतला फरक पुन्हा आलाच, फक्त तो आता दिसत नाही. शिवाय एक मोठी गोष्ट बदलली. पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं, की आपण मत देतोय. तो सात गाणी ऐकायचा, शेजाऱ्याशी वाद घालायचा, रांग लावायचा, खाली आपलं आणि गावाचं नाव लिहायचा. आपण नुसतं अंगठा सरकवतो आणि पुढचं गाणं आपोआप येतं. आपलं मत मोजलं जातं, ते विचारलं जात नाही.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले. तेव्हा अनेकांनी त्यांचा आवाज आठवला, तो आठवण्यासारखा होताच. त्या आवाजाच्या दुसऱ्या टोकाला जे लोक होते, त्यांच्यापैकी काही अजून आहेत, तुमच्या घरात किंवा शेजारी, सत्तरी-ऐंशीत. त्यांना एकदा विचारून बघा, की बुधवारी रात्री रेडिओ कुणाकडे लागायचा आणि पहिल्या नंबरावर तुम्ही कुठलं गाणं लावलं असतं. यादीत आलेलं गाणंच ते सांगतील असं नाही. पण उत्तर देताना ते गावाचं नाव आधी घेतील.